डाग गेलेला डगला

सातवीला इतिहास शिकवणाऱ्या बाईंना कुणी नवीकोरी वस्तू भेट दिली, तर त्या तोंडभरून आभार मानायच्या आणि संध्याकाळपर्यंत ती दुसऱ्या कुणाच्या तरी घरी पोचती करायच्या. पण कुणी कान तुटलेला कप आणला, टाच झिजलेला बूट आणला, काच तडकलेला कंदील आणला, की बाई खुर्चीवरून उठायच्या, हात रुमालाला पुसायच्या आणि ती वस्तू अशी घ्यायच्या, की जणू तान्हं मूल पहिल्यांदा घरी आलंय.

शिक्षकांच्या खोलीत त्यांचं एक लोखंडी कपाट होतं. लाथ घातल्याशिवाय त्याचं दार उघडायचं नाही आणि लाथ नेमकी कुठे घालायची, हे फक्त बाईंना ठाऊक. आत इतक्या वर्षांचा पसारा. बाकीचे शिक्षक त्याला भंगार म्हणायचे, तेही तोंडावर. बाई हसून म्हणायच्या, "हात घालताना जपून हं. धनुर्वात व्हायचा."

मुलांनी त्यांचं नाव पुरावाबाई ठेवलं होतं. कुणी काहीही म्हणालं की बाईंचं ठरलेलं, "कशावरून?" उशीर का झाला, सायकल पंक्चर झाली. कशावरून? डबा कुणी पळवला, त्याने. कशावरून? हे लोण मुलांच्या घरीही पोचलं होतं. एका आईने येऊन तक्रार केली, की मी तुझी आई आहे म्हटलं तरी ही कार्टी आता कशावरून विचारते.

हे खूळ बाईंच्या डोक्यात एका मुलीनेच घातलं होतं. नोकरीचं पहिलं वर्ष. बाई फळ्यासमोर उभ्या राहून सनावळ्या खडाखडा म्हणत होत्या, वर्ग त्यांच्यामागून म्हणत होता, सगळं कसं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि तिने अगदी सरळ मनाने विचारलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं? बाई म्हणाल्या, पुस्तकात आहे. मुलगी म्हणाली, मग पुस्तकवाल्यांना कुणी सांगितलं? बाईंनी तिला खाली बसवलं खरं, पण तो प्रश्न त्यांच्याबरोबर घरी आला. त्यांचे यजमान चष्म्यांच्या दुकानात काचा घासायचे. बायकोचं सगळं ऐकून घेऊन ते एवढंच म्हणाले, की पोरीचं काही चुकलं नाही. ती मुलगी आता बसमध्ये कंडक्टर आहे. बाई त्या बसमध्ये चढल्या की अजून तिचे आभार मानतात, आणि ती बिचारी ओशाळते. तिला तो प्रश्न आठवतसुद्धा नाही.

तेव्हापासून गुरुवारचा शेवटचा तास वस्तूंचा. दर आठवड्याला एकाने घरातली एक जुनी वस्तू आणायची. बाई फळ्यावर तीन रकाने आखायच्या. पहिला, दिसतं काय. दुसरा, वाटतं काय. तिसरा, माहीत नाही काय. दुसऱ्या रकान्यातलं पहिल्यात गेलेलं त्यांना चालायचं नाही. कपावर ओठांच्या जागी रंग उडालाय हे दिसतं. कप आजीचा लाडका होता हे वाटतं. आजीने तो कुठून आणला हे माहीत नाही. "आणि तिसरा रकाना रिकामा राहिला," बाई म्हणायच्या, "तर समजायचं, आपण नीट बघितलंच नाही."

या तासाला एकच शाप होता, तो म्हणजे घरच्यांची माया. बाई मुलांना बजावून सांगायच्या, वस्तू आहे तश्शी आणा. मुलं घरी जाऊन तेच सांगायची. पण शाळेत न्यायची वस्तू आणि मळकी न्यायची? कुठल्या घराला हे पटणार? एका मामाने तांब्याचा जुना हंडा असा लख्ख घासून दिला, की त्यात वर्गाला फक्त स्वतःची तोंडं दिसली. एका आजोबांनी हातोडीला नवा दांडा बसवून दिला, वर वॉर्निश. एका काकूंनी फोटोतल्या माणसाला टक्कल शोभत नाही म्हणून पेनाने केस काढून दिले. बाई कपाळावर हात मारायच्या आणि तरी ती वस्तू हातात घ्यायच्या.

यंदा मात्र त्या तासावरच गदा आली. मुख्याध्यापक, ज्यांना सगळी शाळा मोठे सर म्हणायची, ते गणिताचे. माणूस वाईट नव्हता. पण इतिहासाचा निकाल मागच्या वर्षी घसरला होता, पालकांनी त्यांच्या टेबलासमोर येऊन जाब विचारला होता. त्यांनी बाईंना बोलावून शांतपणे विचारलं, की धडे निम्मेसुद्धा झालेले नाहीत, आणि गुरुवारी वर्ग झिजलेल्या बुटाकडे बघत बसतो, हे बरोबर आहे का? बाई म्हणाल्या, की त्या बुटाकडे बघूनच पुढचे धडे कळतात. सर म्हणाले, "बाई, तुम्ही सगळ्यांना विचारता, आज मी तुम्हाला विचारतो. कशावरून?"

बाईंना हसू आलं.

शेवटी असं ठरलं, की येत्या गुरुवारी सर मागच्या बाकावर येऊन बसतील. त्यांना त्यात शिकण्यासारखं काही दिसलं, तर तास राहील. नाही दिसलं, तर सोमवारपासून त्या जागी परीक्षेचा सराव. बाई घरी आल्या आणि चहाचा कप पुढ्यात घेऊन बसून राहिल्या. यजमान म्हणाले, त्या दिवशी वस्तू म्हणून मलाच घेऊन चल, माझ्याइतकं जुनं आणि न धुतलेलं तुला काही मिळायचं नाही. बाईंनी त्यांना आधी अंघोळ करा म्हणून सांगितलं, पण मग चहा घशाखाली उतरला.

त्या गुरुवारी पाळी होती रेडिओची. रेडिओ म्हणजे वर्गातली एक मुलगी. सकाळी प्रार्थनेला सुरू झालेली ती शाळा सुटेपर्यंत बंद व्हायची नाही. महिनाभर तिने सगळ्यांचे कान किटवले होते, की ती आजोबांचा डगला आणणार. आजोबा ट्रक दुरुस्तीच्या गॅरेजात मिस्त्री होते, मागच्या वर्षी वारले. गॅरेजात घालायचा त्यांचा निळा डगला दाराआडच्या खुंटीला तसाच होता, तेला-ग्रीसच्या डागांनी भरलेला. बाईंना वाटलं होतं, आपलं नशीब थोर. असा डगला म्हणजे उघडलेलं पुस्तक. सरांना दाखवायला याहून चांगलं काय मिळणार?

तास सुरू व्हायच्या आधी बाईंनी व्हरांड्यात पाहिलं, तर रेडिओ भिंतीला चिकटून उभी. तोंडातून शब्द नाही. शेजारी तिची आई, आणि आईच्या हातात हँगरला लटकवलेला, घडी न मोडता आणलेला, कडक इस्त्रीचा, आभाळी रंगाचा डगला. डाग औषधालासुद्धा नाही. साबणाचा वास वर्गापर्यंत येत होता.

रेडिओची आई शाळेमागच्या हॉस्पिटलात धुलाई विभागात कामाला होती. चादरी, गाऊन, डॉक्टरांचे कोट. नाही निघणार म्हणून सगळ्यांनी हात टेकलेला डाग तिच्याकडे यायचा. तिने मोठ्या अभिमानाने बाईंना सांगितलं, की सोड्यात उकळलं, रात्रभर भिजवलं, पुन्हा उकळलं. पोर चुरगाळून टाकेल म्हणून स्वतः घेऊन आले, तास झाला की घेऊन जाईन. "इतकी वर्षं दर रविवारी धुवायचे मी हा, बाई. कधी निघाला नाही. या वेळी निघाला."

रेडिओ जमिनीकडे बघत एवढंच म्हणाली, "मी सांगितलं होतं तिला."

बाईंनी हँगर घेतला. छान झालाय, असं म्हणाल्या, कारण खरंच छान झाला होता. तिला व्हरांड्यातल्या बाकावर बसायला सांगून त्या आत गेल्या. मोठे सर मागच्या बाकावर गुडघे दुमडून बसले होते. बाईंनी डगला फळ्याशेजारच्या खिळ्याला लावला, तीन रकाने आखले आणि विचारलं, दिसतं काय? मग कुणीतरी म्हणालं, निळा आहे. दुसरं म्हणालं, स्वच्छ आहे. मागून एकजण पुटपुटला, की नवाच वाटतोय, आणि खसखस पिकली. रेडिओने बाकावर डोकं टेकवलं.

कोपऱ्यात बाईंची पिशवी होती आणि पिशवीत कंदील होता. तडकलेल्या काचेचा तो कंदील म्हणजे त्यांचा हुकमाचा पत्ता. कुठल्याही वर्गात काढला की तास रंगायचाच. कुठे काजळी धरली, कुठे बोटं लागली, कुणी काय विचारेल, कुठे हसतील, सगळं बाईंना पाठ होतं. सर येणार, तर हाताशी असावा म्हणून सकाळी त्यांनी तो आणला होता. बाई पिशवीपर्यंत गेल्या. हात आत घातला. कंदिलाची कडी हाताला लागली.

आणि तिथेच त्या थांबल्या. पाठ असलेला कंदील आणि पाठ असलेल्या सनावळ्या, यांत फरक तो काय? शिवाय दाराबाहेर एक बाई बसली होती, जिने तो डगला दर रविवारी हाताने चोळला होता. बाईंनी कडी सोडली आणि दार उघडलं.

"ताई, जरा आत येता? आम्हाला तुमची गरज आहे."

रेडिओची आई आत आली ती ओढणी सारखी करत. फळ्यावरचे जवळजवळ रिकामे रकाने बघितले, लेकीचं टेकलेलं डोकं बघितलं, आणि तिला सगळं कळलं. तिने हळूच विचारलं, "डाग हवे होते का तुम्हाला? मी घालवलं का सगळं?"

बाई म्हणाल्या, "डाग गेले. पण डाग बघणारी आहे ना."

मग त्यांनी तिला खिडकीकडे तोंड करून उभं केलं. डगल्याकडे बघायचं नाही, आधी आठवेल ते सांगायचं. मुलांना त्यांनी विचारलं, की काकू जे सांगतील ते कुठल्या रकान्यात लिहायचं? तिथेच वादाला तोंड फुटलं. पहिल्या बाकावरची एक म्हणाली, काकूंनी डोळ्यांनी बघितलंय, म्हणजे दिसतं. तिच्या शेजारणीचं म्हणणं, काकूंनी बघितलंय, आपण कुठे? आपल्यासाठी ते वाटतं. वर्गातला सगळ्यांत दांडगा मुलगा, ज्याला सगळे पैलवान म्हणायचे, म्हणाला, की काकू खोटं बोलतायत असं म्हणायचंय का तुला? रेडिओने डोकं वर केलं. शेवटी वर्गानेच तोडगा काढला, की चौथा रकाना आखा. सांगितलं काय. इतक्या वर्षांत बाईंच्या फळ्यावर चौथा रकाना कधी आला नव्हता. त्यांनी तो मुकाट्याने आखला.

खिडकीकडे बघत ती बोलू लागली, आधी अडखळत, मग सरावाने. एका बाहीच्या टोकाला जळलं होतं, तिथे मी रफू केलंय. कोपर सगळ्यांत काळे. उजवा खिसा ओघळलेला, कारण त्यात ते पाना ठेवायचे, काढा म्हटलं तरी काढायचे नाहीत, दोनदा पान्यासकट भिजवलाय मी. बाई लिहीत होत्या. लिहून झालं तसं त्यांनी पैलवानाला बोलावलं आणि डगला अंगात घालायला लावला, खरं-खोटं करायला.

बाही बघितली. रफू होतं, बारीक, एकसारख्या टाक्यांचं. बाईंनी पहिल्या रकान्यात लिहिलं. दिसलेलं आणि सांगितलेलं जुळलं, म्हणून वर्गाने बाकं वाजवली. मग पैलवानाने दोन्ही खिशांत हात घातले आणि तो गोंधळला.

"काकू, उजवा खिसा तर चांगलाय. डावा ओघळलाय."

रेडिओची आई वळली. तिचा चेहरा पडला. नाही रे, उजवाच, मी इतक्या वेळा धुतलाय, असं म्हणताना तिलाच स्वतःची खात्री वाटेना. कुणीतरी मागून म्हणालं, काकूंना नीट आठवत नसेल. रेडिओ एकदम ताठ झाली. फळ्यावर चौथ्या रकान्यात उजवा होता, पहिल्यात डावा, आणि दोन्ही प्रामाणिक होते.

तेवढ्यात मागचं बाक करकरलं. मोठे सर कसेबसे गुडघे सोडवत उठले, पुढे आले आणि खडू न मागता त्यांनी उचलला. रेडिओच्या आईला त्यांनी विचारलं, की डगला धुताना तुम्ही तो कसा पसरायच्या? ती म्हणाली, दगडावर, पुढची बाजू वर, कॉलर पलीकडे. सरांनी पैलवानाला तिच्यासमोर उभं केलं.

"आता तुमच्या उजव्या हाताला याचा कुठला खिसा येतो, बघा."

तिने हात पुढे केला. हात गेला तो पैलवानाच्या डाव्या खिशावर.

"त्या चुकल्या नाहीत," सर वर्गाकडे वळून म्हणाले. "घालणाऱ्याचा डावा, तो धुणाऱ्याचा उजवा. त्या समोरून बघत होत्या." मग आपण काय बोलून गेलो, हे त्यांचं त्यांनाच जाणवलं असावं, कारण ते हातातल्या खडूकडे बघत हळू आवाजात पुढे म्हणाले, "म्हणजे सांगणारा कुठे उभा होता, हेही लिहायला पाहिजे की."

"लिहा ना, सर," बाई म्हणाल्या.

आणि सरांनी लिहिलं.

मग वर्ग आवरेना. बाईंनी टेबल मोकळं केलं, डगला पालथा पसरला आणि खडू रेडिओच्या आईच्या हातात दिला. जिथे जिथे डाग होता, तिथे खूण करा. स्वतःच्या हाताने स्वच्छ केलेल्या कापडावर खडू टेकवायला ती धजेना. मग तिने खालचा ओठ दाबला आणि सुरुवात केली. कोपर. बाह्यांच्या मागची बाजू. पाठीवर दोन्ही खांद्यांच्या खाली दोन मोठे गोल, आणि मधे काहीच नाही. मधे का नाही, असं कुणीतरी विचारलं. ती म्हणाली, ते मला माहीत नाही, मधे ग्रीस कधी नसायचं. पैलवान सरळ फरशीवर उताणा पडला. दोघीतिघींनी वाकून त्याच्या पाठीखाली हात घालून बघितलं. खांदे टेकत होते, मधे हात आरपार जात होता. ट्रकखाली निजून काम करणाऱ्या माणसाची पाठ टेबलावर उमटली होती.

"एक डाग राहिला," रेडिओची आई म्हणाली. पाठीच्या बरोबर मधे, ग्रीस नसलेल्या जागी, तिने बोटाएवढी खूण केली. हा ग्रीसचा नव्हता, लालसर, चिकट. पाण्यात घातला की लगेच निघायचा आणि पुढच्या रविवारी पुन्हा हजर. गॅरेजात असलं लाल काय असतं, ते मला कधी कळलं नाही. बाईंनी तिसऱ्या रकान्यात लिहायला हात वर केला.

"ती मी आहे," रेडिओ म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. आणि मग सकाळपासून बंद पडलेला रेडिओ सुरू झाला. बालवाडीत असताना आजोबा तिला गॅरेजातून येता-येता स्कूटरवरून घरी आणायचे. ती मागे बसायची. कोपऱ्यावरच्या दुकानातून ते तिला एक लाल गोळी घेऊन द्यायचे. तिचे दात किडलेले, घरी गोळीला सक्त मनाई. ते म्हणायचे, घर यायच्या आत संपव आणि तोंड पुसून घे. ती तोंड पुसायची त्यांच्याच पाठीला.

वर्ग हसून लोळला. तिची आई हसली नाही लगेच. तिने त्या छोट्याशा खुणेवर तळवा ठेवला आणि म्हणाली, "आणि मी रोज त्या दात-डॉक्टरला नावं ठेवायचे." मग मात्र तिला हसू फुटलं, आणि हसता हसता तिने डोळे पुसले. कशाने, तर त्याच डगल्याच्या बाहीने.

घंटा झाली तरी कुणी उठलं नाही. बाईंनी तिचे आभार मानले, वर्गाने मानले. ती म्हणाली, माझे कसले आभार, मी तर घोटाळा केला होता. बाईंनी फळ्याकडे बोट दाखवलं. सगळ्यांत भरलेला रकाना चौथा होता.

"डाग असते, तर तुम्हाला आत बोलवायचं मला सुचलंच नसतं," बाई म्हणाल्या.

रेडिओच्या आईने हँगर उचलला, डगला झटकायला हात उगारला आणि सवयीने म्हणून गेली, "हा खडू तेवढा धुऊन टाकते."

"नको," अख्खा वर्ग म्हणाला. त्यात रेडिओचा आवाज सगळ्यांत मोठा होता, आणि एक आवाज दाराजवळ उभ्या असलेल्या मोठ्या सरांचा होता.

सर नुसतीच मान हलवून निघून गेले. बाईंनी कंदिलाची पिशवी खांद्याला लावली आणि त्या शिक्षकांच्या खोलीत आल्या. सर तासाला रंगले हे दिसलं होतं. तास राहणार, हे नुसतंच वाटत होतं. कपाटाला लाथ घालून कंदील आत ठेवताना त्यांची नजर भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे गेली. सोमवारपासून लागू होणारं नवं वेळापत्रक सरांनी सकाळीच लावलं होतं आणि बाईंनी दिवसभर मुद्दाम तिकडे बघितलं नव्हतं.

आता त्या जवळ गेल्या. चष्मा कपाळावर चढवला आणि नाक भिंतीला टेकेल इतकं वाकून बघितलं. सातवी, गुरुवार, शेवटचा तास. तिथे 'वस्तू' असं शाईने लिहिलेलं होतं. शाई ओलीच होती. आणि खाली, खोडरबराने पुसूनही, 'सराव' हा शब्द पुसटसा वाचता येत होता.

आठवड्याचे बाकी सगळे तास शाईचे होते. पुसलेला तेवढा एक शब्द पेन्सिलीचा होता.

घरी यजमानांनी दार उघडता उघडता विचारलं, काय झालं? बाईंनी चपला काढल्या, पिशवी खुंटीला लावली आणि त्या म्हणाल्या, "सरांनी सकाळी पेन्सिलीनं लिहिलं होतं, हो. भला माणूस."

"कशावरून?" यजमान म्हणाले.

बाई पाटावर बसल्या आणि अगदी पहिल्यापासून सांगायला लागल्या.